दार उघडं होतं

एखादा जुना सिनेमा सांगा, रडू आलं तरी चालेल पण सुंदर हवा, असं तुम्ही म्हणालात. नाव सांगून मोकळं होणं सोपं होतं. पण नुसतं नाव सांगितलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही ते मोबाइलवर टिपून घेणार, रविवारी जेवण झाल्यावर लावणार, खरखर ऐकून आवाज वाढवणार, पंधराव्या मिनिटाला पेंगणार आणि पुढे कधी भेटलात की 'हो, बघितला थोडा' म्हणणार. तेव्हा नाव मागाहून. आधी चपला घाला. छत्री घ्या, भुरभुर आहे.

आप्पा बळवंत चौक. रात्रीचे नऊ वाजून गेलेत. पुस्तकांची दुकानं शटर ओढताहेत. कुणाचा तरी मुलगा शेवटच्या क्षणी नवनीत मागतोय आणि दुकानदार त्याच्यावर उपकार केल्यासारखा आत जातोय. समोर थिएटर. पाटीवर किबे लक्ष्मी असं लिहिलंय, पण पुण्यातला कुणीही साठीचा माणूस रिक्षात बसला की प्रभात टॉकीजच म्हणतो. बरोबरच आहे. इंदूरच्या सरदार किब्यांनी १९३४ साली हे बांधलं आणि प्रभात फिल्म कंपनीने चालवायला घेतलं. २०१४ संपेपर्यंत ते 'प्रभात'च होतं. ऐंशी वर्षं अंगवळणी पडलेलं नाव एका पाटीने कसं जाणार?

पाटीखाली उभे राहा. छत्री मिटा. डोळे मिटायची गरज नाही. स्कूटरचे हॉर्न थांबले की मागे वळून मात्र बघू नका.

थांबले.

आता पहिल्यांदा नाकाला कळेल. भिजलेल्या घोड्याचा वास, लीद, विडीचा धूर आणि कुणीतरी डोक्याला चोपडलेलं खोबरेल तेल. टांगे ओळीने उभे आहेत. एक टांगेवाला तोबऱ्यात हात घालून घोड्याशी काहीतरी पुटपुटतोय. पेपरातून युरोपातल्या भानगडी येताहेत, वाचणारे त्या चघळताहेत. साल १९३९. महिना नेमका विचारू नका, माझं यंत्र तितकं बारीक चालत नाही.

लोक तुमच्याकडे का बघताहेत, सांगू? पँट-शर्टामुळे नाही, तसले कपडे कॉलेजातली पोरं घालतात. तुमचं डोकं बोडकं आहे. सगळ्या गर्दीत एकटं तुमचंच. काळ्या टोप्या, गांधी टोप्या, फेटे, एखाददुसरी पगडी, आणि मधे तुम्ही. त्या फेटेवाल्या काकांच्या नजरेत प्रश्न आहे की घरात काही झालंय की काय. ही घ्या माझी टोपी. आणि ही चिल्लर, पंचम जॉर्जच्या मुखवट्याची. तुमच्या खिशातलं पाकीट काढूच नका, त्यातलं काहीही इथे चालणार नाही.

खिडकीवर हात घाला, ओरडा, ढकला. रांग नावाची गोष्ट इथे कागदोपत्री आहे. तिकीट मिळालं? चला. वरची पाटी वाचलीत? 'माणूस'. झालं, नाव कळलं तुम्हाला. व्ही. शांताराम यांचं चित्र, प्रभातचं, मराठीत 'माणूस' आणि हिंदीत 'आदमी'.

आत अंधारात जागा चाचपडत बसा. खुर्ची थोडी करकरते, सगळ्यांचीच करकरते, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. पलीकडे बायकांच्या बाजूला एक तान्हं रडतंय आणि तीन जणी एकदम त्याला गप्प करायला बघताहेत. मागे वर एका भोकातून उजेडाचा झोत निघाला. त्या भोकामागे काय चाललंय ते कळावं म्हणून सांगतो. दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींजवळ आणून त्यांच्यामध्ये वीज पेटवलेली असते. त्या जळत जळत झिजतात आणि ऑपरेटर त्यांच्यातलं अंतर सतत जुळवत राहतो. हात चुकला की पडद्यावरचं माणूस निळं पडतं. आणि त्या ज्वाळेच्या उजेडासमोरून जी फीत सरकतेय ती नायट्रेटची आहे. एकदा पेटली तर पाणी ओतूनही विझत नाही. हे लक्षात ठेवा, नंतर लागेल.

तुतारी वाजली. अंगावर काटा आला ना? पडद्यावर ती कमनीय बाई तुतारी फुंकतेय आणि सगळं थिएटर टाळ्या पिटतंय. अजून श्रेयनामावली यायची आहे, गोष्ट सुरू व्हायची आहे, नुसत्या बोधचिन्हाला टाळ्या! यांनी 'संत तुकाराम' पाहिलाय, 'कुंकू' पाहिलाय. कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी ही कंपनी काढली, १९३३ साली पुण्याला आणली आणि सहा वर्षांत पुणेकरांकडून टाळ्या मिळवल्या. पुणेकरांकडून, हे पुन्हा एकदा वाचा.

आता शेजाऱ्याचं ऐका. पडद्यावर पोलीस शिपाई आला तसा तो कुजबुजतोय, 'अहो, हा तर कृष्ण!' शाहू मोडक. १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये बालकृष्ण झाला तेव्हापासून हा चेहरा लोकांच्या देवघरात जाऊन बसलाय. नगरकडच्या ख्रिस्ती घरातला मुलगा, आणि महाराष्ट्राला कृष्ण म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. आज तो एकवीस वर्षांचा आहे आणि त्याचं नाव आहे गणपत, शिपाई नंबर २५५. सरळमार्गी. आईचा लाडका. रात्रीची धाड पडते, जुगाराच्या आणि वेश्यांच्या गल्लीत, आणि हा कृष्ण तिथे एका बाईला पकडायचं सोडून वाचवतो.

तिचं नाव मैना.

शांता हुबळीकर नीट बघून घ्या. मूळची हुबळीकडची, घरची भाषा कानडी. मराठी तिने शिकून घेतलीय, पण या मैनेच्या तोंडी ती शिकलेली वाटत नाही. अनंत काणेकरांनी संवाद असे लिहिलेत की बाई गल्लीतली आहे हे पहिल्या दोन वाक्यांत कळतं आणि तरी तिच्याबद्दल हलकं मत होत नाही. तिच्यासारख्या बाईला पडद्यावर आणताना त्या काळी दोनच वाटा होत्या. एक तर ती नायकाला नादी लावणारी, नाही तर तुळशीच्या पानासारखी पवित्र, नशिबाने उकिरड्यावर पडलेली. मैना या दोन्ही वाटांनी जात नाही. ती थकलेली आहे, चेष्टेखोर आहे, आणि कुणी चांगुलपणाने वागलं की तिला पहिल्यांदा संशय येतो. गणपतच्या चांगुलपणाचाही येतो.

आणि ते गाणं. शब्द मी सांगणार नाही, तुमच्या आजीला पाठ असतील. गल्लीत येणारं गिऱ्हाईक सगळ्या मुलखांतलं, म्हणून मैना एकाच चालीत भाषा बदलत जाते. मराठीतून सुटते, गुजरातीत शिरते, बंगालीत, तमिळमध्ये. मास्टर कृष्णरावांनी, बालगंधर्वांच्या कंपनीत वाढलेल्या त्या माणसाने, प्रत्येक भाषेसोबत गाण्याचा साज थोडा थोडा बदललाय. थिएटर हसतंय. टोप्या डुलताहेत. तुमच्या बाजूचा ताल धरतोय, त्याचा हात मधूनमधून तुमच्या मांडीवर पडतोय. तुम्हीही हसा, गाणं आहेच तसं. फक्त तिच्या डोळ्यांवरची नजर काढू नका. ज्या त्या गिऱ्हाइकाला त्याच्या त्याच्या बोलीत रिझवणाऱ्या या बाईशी तिच्या स्वतःच्या भाषेत कोण बोलतं, असा प्रश्न मला दर वेळी याच ठिकाणी पडतो. उद्याची फिकीर कशाला, असं गाणारीच्या तोंडावर उद्या नाहीच, हे तुम्हाला दुसऱ्यांदा पाहताना दिसेल. आज पहिली खेप आहे, आज हसून घ्या.

मध्ये एक गंमत येते. गणपत आणि मैना बाहेर फिरायला जातात आणि तिथे एका सिनेमाचं शूटिंग चाललेलं असतं. नटवा नायक, लाजरी नायिका, प्रेमाचं गोडगोड गाणं. हा सरळ सरळ बॉम्बे टॉकीजला काढलेला चिमटा. 'अछूत कन्या'ला तीन वर्षं झालीत, सगळ्यांच्या ओठांवर झाडाखालची ती प्रेमगीतं आहेत आणि शांतारामबापू भर सिनेमात त्यांची खिल्ली उडवताहेत. तुमच्या पुढच्या रांगेतला विद्यार्थी खुर्चीवरून पडायचा बाकी आहे. मला विचाराल तर हा भाग जरा लांबलाय. शांतारामांना टाळी आली की ती सोडवत नसे, हा त्यांचा जुना दोष, आणि पुढच्या वीस वर्षांत तो वाढतच गेला. पण इथे त्याचा एक उपयोग आहे. पडद्यावरची खोटी जोडी बघून खरी जोडी हसते, आणि हसता हसता दोघांना कळतं की आपल्याला असलं काही मिळणार नाही.

मध्यंतर. बाहेर चला, चहा घेऊ. बशीत ओता, सगळे बशीतच ओततात. चहावाला पोऱ्या कपांची चळत घेऊन गर्दीतून वाट काढतोय. आत पडद्यावरही असाच एक पोऱ्या आहे, बघितलात ना? नाव राम मराठे. आवाज आत्ताच ऐकून ठेवा. पुढे संगीत नाटकाच्या रसिकांनी रात्र रात्र जागून तो ऐकलाय.

फेटेवाले काका आपल्याच बाजूला उभे आहेत. त्यांना बोलतं करायला फार लागत नाही.

"काय, कसं वाटतंय?" ते तुम्हाला विचारतात.

"चांगलंय," तुम्ही म्हणता. १९३९ मध्ये काय म्हणावं ते सुचत नाही.

"चांगलं आहेच हो. पण 'देवदास' बघितलात का तुम्ही? मी तीनदा बघितला. तिसऱ्यांदा तर मंडळींना घेऊन गेलो. आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही."

"मग हा?"

काका बशी ओठांपर्यंत नेऊन थांबतात. "हा वेगळाच दिसतोय," एवढंच बोलतात. चहा संपवतात.

काकांनी नेमकं बोट ठेवलं. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा, प्रमथेश बरुआंचा 'देवदास' १९३५ साली आला आणि सगळा देश त्याच्यासाठी हळहळला. प्रेम मिळालं नाही म्हणून पीत सुटलेला जमीनदाराचा मुलगा शेवटी पारोच्या दारात येऊन मरतो. शांतारामांना हे पटलं नाही. तरुण पोरांना असं कुढत मरायला शिकवणं त्यांना घातक वाटलं, आणि 'माणूस' हे त्यांचं उत्तर. म्हणून त्यांनी नायक जमीनदार घेतला नाही, पगारी शिपाई घेतला. ज्याला सकाळी उठून हजेरी द्यायचीय, त्याला दुःख करायला रजा मिळत नाही. सिनेमाला इंग्रजीत एक उपनावही दिलं होतं, 'लाइफ इज फॉर लिव्हिंग'. मला ते उपनाव आवडत नाही, शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं. सुदैवाने सिनेमा त्या उपनावापेक्षा शहाणा निघाला. आयुष्य जगण्यासाठी आहे म्हणणाऱ्या या चित्रपटाने जगण्याची किंमत मात्र कुठेच कमी करून सांगितलेली नाही.

घंटा झाली. आत चला. आणि आता जरा सावरून बसा, कारण ज्यासाठी तुम्हाला इथवर आणलं ते पुढे आहे.

गणपत मैनेला घरी नेतो. आईकडे.

आईचं काम केलंय सुंदराबाईंनी. शेजारच्या माणसाला त्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून माहीत आहेत, त्यांची लावणी, त्यांची गझल. इथे त्या एका साध्यासुध्या, देवभोळ्या म्हातारीच्या वेषात आहेत. तुम्ही श्वास रोखलाय. मला ठाऊक आहे तुम्ही कशाची वाट बघताय. पंचाहत्तर वर्षांचे हिंदी सिनेमे तुमच्या अंगात भिनलेत. आता म्हातारी थयथयाट करणार. 'माझ्या मेल्या तोंडाकडे बघ' म्हणणार. पोरीला उंबऱ्याबाहेर काढणार. मग आपल्याला म्हातारीचा राग येणार, समाजाचा राग येणार, आणि राग आला की दुःख सोपं होतं.

तसं होत नाही. म्हातारी तिला घरात घेते.

एवढंच होतं. दार उघडं आहे. आत देव आहेत, दिवा आहे, चूल आहे, सुनेसाठी जागा आहे. आणि त्या उघड्या दारातून आत जाणं मैनेला झेपत नाही. आईचं मन जितकं स्वच्छ, तितकी तिला स्वतःची घाण जास्त दिसत जाते. गल्लीतल्या लोकांनी हिणवलं तेव्हा ती हसली, गिऱ्हाइकांनी ओरबाडलं तेव्हा तिने गाणं म्हटलं, पोलिसांची धाड पडली तेव्हा तिने चलाखी केली. आणि एका म्हातारीने मायेने वागवलं तेव्हा ती मोडते. रात्री पळून जाते.

थिएटरमध्ये काय झालंय ते ऐका. काहीच ऐकू येत नाही. खुर्च्यासुद्धा करकरत नाहीत. मघाशी तान्ह्याला गप्प करणाऱ्या बायकांपैकी एकीने पदर तोंडात कोंबलाय. फेटेवाले काका पुढे वाकलेत, दोन्ही कोपर गुडघ्यांवर. 'देवदास'ला यांनी डोळे पुसले होते, मोकळेपणाने, शेजाऱ्याला दाखवत. आता रुमाल काढत नाहीत. कुणावर रागवावं हेच कळत नाही तेव्हा माणूस असा बसतो.

मी या जागेवर किती वेळा आलोय, मोजलेलं नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मैनेचा राग आला होता. मूर्ख बाई, सगळं हातात आलेलं टाकून गेली. मग वय वाढलं. स्वतःला माफ न करणारी माणसं आसपास दिसायला लागली. दारू सोडून दहा वर्षं झाली तरी बहिणीच्या घरी जेवायला न जाणारा एक जण. नापास झाल्यावर गाव सोडलेला आणि आई-वडिलांनी पत्रांवर पत्रं लिहूनही न परतलेला दुसरा. त्यांच्यासाठी दारं उघडीच होती. तेव्हा कळलं की या बाईला शांतारामांनी किती बारकाईने पाहिलंय.

पुढचं थोडक्यात. शेवट सांगितला म्हणून रागावू नका, ऐंशी वर्षांहून जुनी गोष्ट आहे, आणि हा सिनेमा शेवट कळल्याने बिघडणाऱ्यातला नाही. मैना तिच्या दुष्ट मामाच्या तावडीत सापडते, तिच्या हातून त्याचा खून होतो. जन्मठेप. आणि गणपत, ज्याने आयुष्यात कुणाचा आणा खाल्ला नाही तो शिपाई नंबर २५५, कायदा मोडून तिला सोडवायला तयार होतो. हे पुन्हा एक उघडं दार, या वेळी तुरुंगाचं. ती पुन्हा नाही म्हणते. फरक एवढाच की पहिल्या वेळी ती घाबरून पळाली होती, या वेळी तिला आपण काय करतोय ते कळतंय. त्याने जगावं असं तिला वाटतं. तो कामावर जातो.

दिवे लागले. उठा. लोकांच्या पाठोपाठ बाहेर पडा, कुणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. काका टांग्यात बसताहेत. त्यांची 'मंडळी' आत बसलीय, डोक्यावरून पदर. काका टांगेवाल्याला पत्ता सांगायला तोंड उघडतात आणि क्षणभर काही सांगत नाहीत.

आपण मात्र लगेच परत जायचं नाही. दुसरा टांगा करू. लकडी पूल ओलांडला की गाव संपलं. एरंडवण्याच्या बाजूला काळोख आहे, बेडूक आहेत, आणि त्या काळोखात एक प्रचंड पत्र्याची इमारत आहे, तिच्या फटींतून उजेड गळतोय. ही प्रभात नगरी. आपण मघाच्या रात्रीपासून काही महिने मागे आलोय, चित्रीकरणाच्या दिवसांत. दबकत या.

ही ती गल्ली! हात लावून बघा. भिंत पोकळ वाजते. लाकडाचा सांगाडा, वर पोत्याचं कापड आणि गिलावा. साहेबमामा फत्तेलालांनी भिंतीवर पिंकांचे डाग, पावसाचे ओघळ, हात टेकून टेकून काळी पडलेली जिन्याची कड असं सगळं रंगवून घेतलंय. गल्लीला आभाळ नाही, त्या जागी तुळया आणि तुळयांवर दिवे. बाहेर रात्र असो की दुपार, इथली रात्र छायालेखक अवधूतांच्या कॅमेऱ्याला हवी तशी पडते. हे सगळं खोटं आहे, एक जिना तर चौथ्या पायरीनंतर हवेतच संपतो. आणि मघाशी याच जिन्याकडे बघून तुमच्या घशात आवंढा आला होता.

तिकडे कोपऱ्यात एका स्टुलावर शांता हुबळीकर बसल्यात. दिवा हलवायला वेळ लागतोय, म्हणून बसल्यात. पोटरीवर डास मारताहेत. त्यांना हाक मारू नका. पुढचं त्यांना माहीत नाही, तुम्हालाच मी सांगून ठेवतो. हे गाणं त्यांना देशभर नेईल, आणि नंतर दिवस असे फिरतील की उतारवयात काही काळ वृद्धाश्रमात काढावा लागेल. लोक त्यांना विसरलेले असतील. मग पुन्हा आठवतील, सत्कार करतील, आणि त्या आत्मचरित्र लिहितील. त्याला नाव देतील त्याच गाण्याच्या पहिल्या शब्दांचं. १९९२ साली त्या गेल्या. गाणाऱ्या मैनेच्या डोळ्यांकडे बघा म्हणालो होतो ते याच्यासाठीही.

गेटाशीही जरा थांबू. याच वर्षी जुलैत इथे, या फाटकासमोर, 'कुंकू'ची नायिका शांता आपटे करारावरून कंपनीशी वाजलं म्हणून उपोषणाला बसली. सिनेमातली बंडखोर नीरा फाटकाबाहेर येऊन बसावी तशी. पुण्याला तेव्हा बोलायला विषय कमी पडला नसेल. तीनच वर्षांत शांतारामही या फाटकातून बाहेर पडतील आणि मुंबईला राजकमल काढतील. १९५३ च्या सुमारास प्रभातच संपेल. १९६० नंतर याच शेडमध्ये फिल्म इन्स्टिट्यूटची पोरं कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरतील आणि जपानी दिग्दर्शक ओझूवर भांडतील.

टांगा इथेच सोडू. आता पुढे चालत जाऊ, वर्षं आपोआप सरकतील.

थांबा. वास येतोय?

२००३ चा जानेवारी. नायट्रेट जळण्याचा वास आहे हा, नाकाला झोंबणारा. जळायला लागणारी हवासुद्धा ही फीत स्वतःच पुरवते, म्हणूनच पाण्याने विझत नाही म्हणालो होतो. याच आवारातल्या कोठारात आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या मूळ फितींचा मोठा साठा गेला, त्यात प्रभातच्याही होत्या. तसल्याच फितीवर अवधूतांनी ती रात्र पहिल्यांदा उतरवली होती. आज तुम्ही-आम्ही बघतो ती काढून ठेवलेली प्रत. म्हणून तिच्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा आहेत, मधूनच आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, एखादं वाक्य उडी मारून पुढे जातं. कुरकुर करू नका. वाचलेल्या माणसाच्या अंगावर भाजल्याच्या खुणा असायच्याच.

तेव्हा बघताना एवढं करा. रात्री बघा, एकट्याने. किंवा ज्याच्याशी बोलायची गरज पडत नाही अशा माणसाबरोबर. अडीच तास लागतील, पहिला अर्धा तास भाषा जुनी वाटेल, मग वाटायची थांबेल. शूटिंगच्या चेष्टेत चहा करून घ्यायला हरकत नाही. पण गणपत घराकडे निघाला की गॅस बंद करून या.

भुरभुर पुन्हा सुरू झालीय. हॉर्न ऐकू येतोय, म्हणजे पोचलो. माझी टोपी द्या. चिल्लर उरली असेल तर ठेवून घ्या, आठवण म्हणून.

साडेबारा वाजलेत. आप्पा बळवंत चौक रिकामा. बंद शटरखाली एक कुत्रं अंगाचं वेटोळं करून झोपलंय. कोपऱ्यावर बॅरिकेडला टेकून एक पोलीस शिपाई उभा आहे. रेनकोटची टोपी मागे टाकलीय आणि प्लास्टिकच्या इवल्याशा कपातला चहा तो फुंकर घालून पितोय. बावीस-तेवीसचा असेल. तुमची नजर त्याच्या छातीवर जाते, नंबर शोधत. नंबर नाही, नावाची पाटी आहे, आणि तीही रेनकोटखाली अर्धी झाकलेली.

तो तुमच्याकडे बघतो. मग तुमच्या मागे, थिएटरच्या अंधाऱ्या दाराकडे.

"सुटला का शेवटचा शो?" तो विचारतो.

"हो," तुम्ही म्हणता. "आत्ताच."